मरळीसाठी बनावट आमिष : निवड पाणी पाहून करावी

मृगाच्या सरी पडून ओढे वाहू लागले, की माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत या तालुक्यांतील शेततळ्यांत व पाझर तलावांत नवे पाणी येते. पाणी स्थिरावल्यावर पुष्कळ शेतकरी त्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडतात. पुढे काही महिन्यांनी जाळे ओढावे, तो सोडलेल्या माशांपैकी बरेचसे हाती लागत नाहीत. त्यांच्याऐवजी जाळ्यात दोनचार काळसर, लांबट, सापाच्या डोक्याचे मासे वळवळताना दिसतात. हीच मरळ. बोटुकलीवर केलेला खर्च बहुधा तिच्याच पोटात गेलेला असतो.

ती तळ्यात आली कशी, असा प्रश्न शेतकरी हमखास विचारतो. मरळीला पाण्याबाहेरची हवा घेता येते. त्यामुळे पावसाळ्याच्या रात्री ओल्या गवतातून सरपटत ती एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जाऊ शकते. ओढ्याच्या पुराबरोबर तिची पिले येतात. जेथे तळे कालव्याच्या पाण्यावर भरले जाते, तेथे पाणी आत घेण्याच्या तोंडाशी बारीक जाळी नसेल तर त्याही वाटेने ती शिरते. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या योजनांचे पाणी दुष्काळी टापूत पोचल्यापासून तळ्यांची संख्या वाढली आहे, आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिल्यानंतर माशांविषयीचे प्रश्न गावपातळीवरील कार्यकर्त्यापुढे अधिक येऊ लागले आहेत. त्यांपैकी मरळीचा प्रश्न वारंवार निघतो.

बोटुकली सोडण्यापूर्वी मातीच्या तळ्यातील शिकारी मासे काढावयाचे असतील, तर मोहाची पेंड हा जुना व खात्रीचा उपाय आहे. एक हेक्टर क्षेत्राच्या व एक मीटर खोलीच्या पाण्याला सुमारे २,५०० किलो पेंड लागते. तिच्यातील विषारी द्रव्याचा परिणाम दोनतीन आठवड्यांत ओसरतो आणि पुढे पेंड खत म्हणून उपयोगी पडते. परंतु बोटुकली सोडल्यानंतर हा उपाय करता येत नाही, कारण पेंड मरळ आणि रोहू यांत भेद करीत नाही. जाळ्याचाही भरवसा नसतो. जाळे जवळ येताच मरळ चिखलात तोंड खुपसून खालून निसटते, किंवा काठावरून उडी मारून जाते. तळे उपसून टाकावे, तर द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेचे उन्हाळ्यातील पाणी वाया जाते आणि जतसारख्या भागात तसे सुचविणे हीच एक चेष्टा होईल. मग उरतो गळ.

गळाचा येथे एक विशेष गुण आहे. कटला पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळाचा कुजका गाळ चिवडतो आणि रोहू मधल्या थरातील वनस्पतिजन्य अन्नावर राहतो. यांपैकी एकही मासा सहसा पळत्या भक्ष्याच्या मागे लागत नाही. मरळ मात्र हलणाऱ्या वस्तूवर झडप घालते. कणकेचा गोळा लावलेला गळ टाकला तर रोहूही लागेल. उलट बेडकासारखी उड्या मारणारी किंवा मासोळीसारखी चमकत जाणारी बनावट वस्तू ओढली, तर तिच्यामागे येणारी बहुधा मरळच असेल. बनावट आमिष हे अशा रीतीने चाळणीचे काम करते. पाळलेले मासे जागेवर राहतात आणि त्यांना खाणारा मासा तेवढा बाहेर येतो.

जिवंत बेडूक गळाला बांधण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तिला मरळ लागते यात शंका नाही. तरीही शेतकऱ्याने ती सोडून द्यावी. बेडूक हा पिकावरील किडे खाणारा विनावेतन राखणदार होय. बेडकांच्या तंगड्यांची परदेशी होणारी निर्यात भारत सरकारने १९८७ मध्ये बंद केली, त्यामागेही बेडकांची घटती संख्या हा विचार होता. जिवंत मासोळ्यांचे आमिष तर तळ्याला अधिकच घातक, कारण ओढ्यातून धरून आणलेल्या मासोळ्यांबरोबर तिलापियासारखे नको ते मासे तळ्यात उतरतात आणि एका उपद्रवाच्या जागी दोन होतात.

मरळीची रीत

आमिष निवडण्यापूर्वी मासा कोठे व कसा राहतो, हे पाहणे अगत्याचे आहे. मरळ भक्ष्याच्या शोधात लांबवर पोहत नाही. ती काठाजवळच्या उथळ पाण्यात, कंबरभर किंवा त्याहूनही कमी खोलीवर, लव्हाळे, पाणकणीस, जलपर्णी अथवा बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांच्या आडोशाला दबा धरून राहते. भक्ष्य टप्प्यात आले की एकाच झडपेत ते गिळते. हवा घेण्यासाठी तिला मधूनमधून वर यावेच लागते. त्या वेळी पाण्यावर 'टप्प' असा आवाज होऊन वर्तुळ उमटते. सकाळी अर्धा तास काठावर गुपचूप बसून ही वर्तुळे मोजली, तर तळ्यात मरळ आहे की नाही आणि असल्यास कोणत्या कोपऱ्यात आहे, हे समजते. आमिष विकत घेण्यापूर्वी हा अर्धा तास अवश्य खर्च करावा.

उथळ पाण्याचा मासा बिथरट असतो. काठावर दाणदाण पावले टाकली, पाण्यावर सावली पडली किंवा जड आमिष डोक्यावर आपटले, की तो तासभर तोंड उघडत नाही. आमिषाची निवड करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

पाण्याप्रमाणे आमिष

दुकानात गेल्यावर रंगीबेरंगी आमिषांची रांग पाहून गोंधळ होतो. विक्रेता रंगाविषयी पुष्कळ सांगतो. वास्तविक रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावयाचा असतो. प्रथम तळ्यात वनस्पती किती, पाणी किती खोल आणि ते निवळ की गढूळ, एवढे ठरवावे.

जेथे पाण्यावर जलपर्णी किंवा शेवाळ यांचे आच्छादन आहे, तेथे पोकळ रबरी बेडकाशिवाय दुसरे आमिष चालत नाही. याच्या पोटातून आलेले दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात. त्यामुळे बेडूक पानांवरून ओढला तरी गळ अडकत नाहीत. मरळीने तो तोंडात धरून दाबला, की रबर चपटे होते व गळांची टोके बाहेर येतात. विकत घेताना तीन परीक्षा कराव्यात. बेडूक दोन बोटांत दाबून पाहावा. सहज दाबला गेला नाही तर तो माशाच्या तोंडातही दाबला जाणार नाही आणि झडपा कितीही आल्या तरी मासा एकही लागणार नाही. मग तो पंच्यावरून ओढून पाहावा. धागा अडकला तर गवतही अडकणार. शेवटी बादलीत बुडवून दाबावा. दोरीच्या छिद्रातून थोडी हवा जाणारच, पण शिवणीतून बुडबुडे निघाले तर तो थोड्याच वेळात पाणी भरून बुडेल. पाच-सहा सेंटीमीटर लांबीचा बेडूक आपल्याकडील मरळीला पुरेसा होतो. फार मोठा घेण्याचा मोह टाळावा.

हा बेडूक वापरताना नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. पाण्यावर उसळी दिसताच तो हिसका देतो आणि रिकामा बेडूक अंगावर येतो. मरळ आमिष धरून खाली जाते, त्यानंतर तोंड मिटते. उसळी दिसल्यावर मनात दोन अंक मोजावेत, दोरी ताणली गेल्याचे हाताला कळावे, आणि मगच जोराने ओढावे. या कामी बारीक तंगूस चालत नाही. मासा वनस्पतींच्या जाळ्यातून खेचून काढावयाचा असल्याने विणलेली जाड दोरी घ्यावी.

रीळ लावलेली विलायती काठी नसेल तरी अडत नाही. चांगल्या वाळलेल्या लांब बांबूला काठीएवढीच दोरी बांधून, जलपर्णीतील मोकळ्या भोकांवर रबरी बेडूक नुसता नाचविला तरी मरळ येते. लहान शेततळ्यावर रिळापेक्षा हीच रीत बरी, कारण बेडूक एकाच जागी हवा तितका वेळ खेळविता येतो.

काठाशी मोकळे पाणी असेल आणि ते गुडघ्यापासून कंबरेपर्यंत खोल असेल, तर धातूचा चमचा अधिक उपयोगी पडतो. चमचा पातळ असला तर तो हळू ओढूनही वरच्या थरात डुलत राहतो. जाड असला तर लांब फेकता येतो, पण चटकन तळाला जाऊन गाळात रुततो. उथळ पाण्यासाठी पातळ व रुंद चमचा घ्यावा. लाकडी किंवा प्लॅस्टिकची बनावट मासोळीही याच पाण्यात चालते. मात्र तिच्या ओठाशी असलेली पट्टी आखूड असावी. पट्टी जितकी लांब, तितकी मासोळी खोल बुडी मारते. शिवाय अशा मासोळीला बहुधा तिहेरी गळ असतात. ते काढून एकेरी बसवावेत.

ऑगस्टच्या गढूळ पाण्यात माशाला दूरचे दिसत नाही. परंतु पाण्यातील कंपने त्याला अंगावरच्या रेषेने जाणवतात. अशा वेळी फिरते पाते असलेली फिरकी, किंवा ओढताना पाणी खळखळविणारा बेडूक निवडावा. रंग गडद असावा. हिवाळ्यात पाणी निवळले की उलट करावे : आमिष लहान, रंग बेडकासारखा मातकट किंवा हिरवट आणि चाल मंद. संध्याकाळच्या वेळी काळा बेडूक चांगला, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. मासा आमिषाकडे खालून पाहतो. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृतीच ठळक दिसते. वेळेच्या बाबतीत, उन्हाळ्यात पहाट व सांज आणि थंडीत दुपार, हा नियम पुरेसा आहे.

उथळ, गवताळ पाण्यातील माशासाठी आमिष निवडण्याची अडचण काही आपलीच नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेस मेक्सिकोच्या आखाताच्या काठी 'रेडफिश' नावाचा तांबूस मासा घोटाभर खाऱ्या पाण्यात, गवताच्या आधाराने चरतो. तेथील गळकरी त्यासाठी सोनेरी रंगाचा, एकाच गळाचा आणि गवत अडू नये म्हणून तारेची आड बसविलेला चमचा फार दिवसांपासून वापरीत आले आहेत. समुद्र निराळा, मासा निराळा. पण पाणी उथळ आणि गवताळ असल्यामुळे तोच चमचा राजेवाडीच्या तलावाच्या काठालाही लागू पडतो. आणि आपल्या देशातही ही विद्या परकी नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचविलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरणच आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचा चारा, गळ आणि दोरी यांचा विचार केलेला आहे.

असा चमचा गावातही तयार होतो. जुन्या पितळी चमच्याचा दांडा कापून टाकावा, दोन्ही टोकांना एकेक भोक पाडावे आणि कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात. निमुळत्या टोकाला दोरीसाठी फिरती कडी व रुंद टोकाला एकेरी गळ बसवावा. सायकलच्या ब्रेकच्या तारेतील एक तंतू कडीपासून गळाच्या टोकापर्यंत ताणून बसविला, की गवत अडविण्याची सोय झाली. हौदात ओढून पाहिल्यावर चमचा डावीउजवीकडे डुलला पाहिजे. तो गरगर फिरू लागला तर दोरीला पीळ पडतो. मग त्याचा खळगा किंचित ठोकून उथळ करावा.

प्लॅस्टिकच्या अस्तराचे तळे

द्राक्षबागायतदारांची बहुतेक शेततळी आता प्लॅस्टिकच्या अस्तराची आहेत. येथे बुडणारे कोणतेही आमिष वापरू नये. चमचा नको, फिरकी नको आणि तिहेरी गळ तर मुळीच नको. एक गळ अस्तरात रुतून ओढला गेला, की पडलेल्या भोकातून झिरपणारे पाणी बाजारातील कोणतीही मरळ भरून देणार नाही. पाण्यावर तरंगणारा, वर वळलेल्या गळांचा रबरी बेडूक हेच एक आमिष येथे चालते. मासा लागल्यावरही त्याला उतारावरून फरफटत न ओढता लांब दांड्याच्या जाळीने उचलून घ्यावे.

त्याहून मोठी काळजी माणसाची आहे. शेवाळलेल्या अस्तरावर पाय घसरला, तर पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. अशा तळ्यांत मुले व मोठी माणसे बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. एकट्याने गळ टाकू नये, मुलांना हे काम सांगू नये, आणि काठाला पक्का बांधलेला दोर व हवा भरलेली ट्यूब तळ्यात सदैव सोडलेली असावी. आमिष अडकले तर ते तोडून द्यावे. ते सोडविण्यासाठी पाण्यात उतरू नये.

नदीकाठी सावधगिरीचे कारण वेगळे आहे. सांगली जिल्ह्यात औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या पात्रात मगरींचा वावर आहे आणि त्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. गुडघाभर पाण्यात उभे राहून गळ टाकण्याची सवय या पट्ट्यात सोडलीच पाहिजे. कोयना अभयारण्याच्या हद्दीतील पाण्यात मासेमारीला मनाई आहे. अन्य सार्वजनिक तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे संस्थेची परवानगी घेतल्याशिवाय बांबूसुद्धा नेऊ नये. चौकशीसाठी सातारा व सांगली येथे मत्स्यव्यवसाय विभागाची जिल्हा कार्यालये आहेत.

पिलांचा तांबडा थवा

सार्वजनिक तलावाचा उल्लेख आल्यावर एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेततळ्यात मरळ हा उपद्रव असला, तरी पिंगळी, नेर किंवा राजेवाडी यांसारख्या तलावांत ती मच्छीमाराची मिळकत आहे. ती जिवंत विकली जाते आणि कटला-रोहूपेक्षा चांगला भाव खाते. म्हणून एकच आमिष एका पाण्यात वापरावे आणि दुसऱ्या पाण्यात काही काळ गुंडाळून ठेवावे, असे सांगण्याची पाळी येते.

मरळ पावसाळ्यात वीण घालते. वनस्पती बाजूला सारून केलेल्या मोकळ्या जागेत तिची अंडी तरंगतात आणि एकदोन दिवसांत फुटतात. नंतर काही आठवडे तांबूस पिलांचा दाट थवा पाण्यावर येतो, क्षणभर पाणी उकळल्यासारखे दिसते, आणि थवा पुन्हा खाली जातो. आईबाप खालून राखण करीत असतात. या वेळी ती भुकेमुळे नव्हे तर रागाने आमिषावर तुटून पडतात. थव्यावरून बेडूक ओढला तर पहिल्याच फेकीला मासा लागतो, हे गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. राखणदार गेल्यावर मात्र तो थवा इतर मासे व पाणकावळे थोड्याच काळात फस्त करतात. एक मासा हाती येतो आणि शेकडो पिले जातात.

तलावावर जून ते सप्टेंबर या काळात अशा थव्यापासून गळ दूर ठेवावा आणि चुकून लागलेला राखणदार तेथेच सोडावा. त्यासाठी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून ठेवलेला असावा, म्हणजे गळ सुखासुखी निघतो. मरळीला मागणी वाढत असताना हे सांगणे काहींना रुचणार नाही. वर उल्लेखिलेल्या रेडफिशचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील उपाहारगृहांत त्याच्या एका पदार्थाची लाट आली आणि मागणी इतकी वाढली, की आखाताच्या केंद्रशासित समुद्रात त्याची मासेमारी थांबवावी लागली. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्या समुद्रात धरलेल्या रेडफिशच्या विक्रीलाही बंदी झाली. तो मासा समुद्राचा होता. आपला तलाव तर उन्हाळ्यात अर्ध्यावर येतो.

बोटुकली सोडलेल्या शेततळ्यात याच्या उलट करावे. तेथे थवा दिसला की प्रथम आईबाप गळाने काढावेत आणि लगेच, त्याच दिवशी, मच्छरदाणीच्या कापडाच्या झोळीने पिले गोळा करावीत. दोन दिवस गेले तरी ती पांगू लागतात आणि मग पुढील वर्षीचा उपद्रव तळ्यात राहतो. पुढच्या खेपेस बोटुकली मोठी, निदान दहा सेंटीमीटरची, सोडावी, म्हणजे लहानसहान मरळीच्या तोंडात ती मावणार नाही.

काढलेली मरळ मारून टाकण्याचे कारण नाही. तिला तोंडात बोट न घालता ओल्या फडक्याने धरावे, कारण तिचे दात बारीक पण तीक्ष्ण असतात. मग झाकणाला भोके पाडलेल्या पिंपात किंवा घागरीत ठेवावी. भांडे काठोकाठ मात्र भरू नये. अंग बुडेल एवढेच पाणी असावे आणि वर हवेला मोकळी जागा ठेवावी. वर येऊन हवा घेता आली नाही तर मरळ पाण्यातच गुदमरून मरते. झाकण घट्ट बांधावे, नाहीतर ती रात्रीतून उडी मारते. अशा रीतीने ठेवलेली मरळ दुसऱ्या दिवशी सांगली किंवा कराडच्या बाजारात जिवंत पोचते.